चौकातला बर्फ : वाचकांचे प्रश्न

नाताळच्या सुट्टीसाठी भर शहरात, उघड्या आकाशाखाली बर्फाची रिंक, म्हणजे स्केटिंगचं मैदान, मांडायची पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरची रिंक १९३६च्या नाताळच्या दिवशी सुरू झाली ती तात्पुरती म्हणून, आणि अजून दर हिवाळ्यात भरते. टोरांटोच्या सिटी हॉलसमोर नेथन फिलिप्स चौकात उन्हाळ्यात पाण्याचा हौद असतो, तिथेच हिवाळ्यात स्केटिंग चालतं. आता ही पद्धत उबदार हवेच्या शहरांतही पोचली आहे. या अंकासाठी आलेल्या पत्रांत काही प्रश्न बर्फावर पाय ठेवणाऱ्यांचे आहेत, तर काही बर्फ तयार करून घेणाऱ्यांचे. रिंकची यंत्रणा सांभाळणारे आणि नवशिक्यांना शिकवणारे अशा दोघांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या शहरात यंदा डाउनटाउनमध्ये पहिल्यांदाच उघडी आइस रिंक आली. दुपारी इथे २० अंश तापमान असतं, ऊनही लख्ख असतं. तरी बर्फ वितळत कसा नाही? की तो प्लॅस्टिकचा आहे? — वाचक, टेक्सास

बर्फ खरा आहे आणि दुपारी तो थोडाफार वितळतोही. बर्फाखाली बारीक नळ्यांच्या चटया अंथरलेल्या असतात. त्यांतून ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारा द्रव) आणि पाण्याचं मिश्रण सतत फिरत राहतं. रिंकच्या बाजूला ट्रेलरवर चिलर असतो, तो हे मिश्रण उणे १० ते उणे १२ अंशांपर्यंत थंड करून आत पाठवतो. परत येताना ते जेमतेम एक-दोन अंशांनी गरम झालेलं असतं. हा फरक वाढला तर पंप कमी पडतोय किंवा कुठेतरी नळी तुंबली आहे, असं समजायचं.

वरून येणारी उष्णता मुख्यतः ऊन आणि वारा यांची. हिवाळ्यातल्या दुपारी दर चौरस मीटरवर ६०० वॅट ऊन पडत असेल, तर पांढरा बर्फ त्यातलं निम्म्याहून जास्त परत फेकतो. उरलेले २४० वॅट बर्फात शिरतात. हवा २० अंशांची आणि वारा सेकंदाला दोन मीटर असेल तर वाऱ्यातून तेवढेच आणखी. म्हणजे एकूण सुमारे पावणेपाचशे वॅट. ६०० चौरस मीटरच्या मध्यम रिंकवर हा आकडा २८५ किलोवॅटच्या आसपास जातो. चिलरच्या भाषेत तो ८० टन होतो, कारण एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट.

आता जाडीचा मुद्दा, आणि इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. जाड बर्फ म्हणजे पक्का बर्फ असं वाटतं. पण बर्फ स्वतःच उष्णता अडवतो, त्यामुळे थर जाड झाला की खालची थंडी वर पोचत नाही. खालचं मिश्रण उणे ११ अंशांचं असेल तर ६ सेंटिमीटरच्या बर्फातून दर चौरस मीटरला सुमारे ४०० वॅट खाली ओढले जातात, १० सेंटिमीटरच्या बर्फातून मात्र २४० वॅटच. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून चित्र स्पष्ट होतं : तुमच्याकडच्या दुपारी ६ सेंटिमीटरचा बर्फ तासाला एक मिलिमीटरही वितळणार नाही, १० सेंटिमीटरचा अडीच-पावणेतीन मिलिमीटर वितळेल. उलट फार पातळ ठेवला तर एका कडक दुपारीच नळ्या उघड्या पडतात. म्हणून उघड्या रिंकवर ५ ते ८ सेंटिमीटर हाच योग्य पट्टा.

दुपारी दोनला बर्फावर पाण्याचा थर दिसला तर घाबरू नका. पाणी वर असलं तरी खालचा बर्फ टणक असतो. फक्त पडलात तर कपडे भिजतील. सूर्य मावळल्यावर तासा-दीड तासात हाच बर्फ उत्तम होतो. टेक्सासात राहून खरं स्केटिंग करायचं असेल तर संध्याकाळी सातनंतरची वेळ घ्या.

प्रश्न : आमच्या भागातले दुकानदार आणि नगरपालिका मिळून पुढच्या हिवाळ्यात मुख्य चौकात रिंक उभारणार आहेत. मी समितीवर आहे. कंत्राटदाराला नेमकं काय विचारावं? — वाचक, न्यू जर्सी

सगळ्यात आधी जमिनीचा उतार विचारा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून चौकातली फरशी मुद्दाम उतरती केलेली असते. उतार अवघा एक टक्का असला तरी ३० मीटर लांबीत ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. पाणी मात्र सपाटच गोठतं. मग एका टोकाला बर्फ ५ सेंटिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ३५. ते दुसरं टोक कधीही धड गोठणार नाही, आणि सबंध हंगामभर लोक तिथेच धडपडतील. त्यामुळे खाली वरखाली करता येणाऱ्या पायांची चौकट आणि त्यावर प्लायवुड, किंवा निदान वाळूचा दाबलेला थर हवाच. लेझरने पातळी तपासून संपूर्ण तळात दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. हे काम कंटाळवाणं आणि खर्चिक असतं, म्हणून कंत्राटात त्यावरच कात्री चालते. चालू देऊ नका.

तळावर ५ सेंटिमीटर जाडीचे फोमचे उष्णतारोधक बोर्ड, त्यावर अखंड प्लॅस्टिकचं कापड, त्यावर नळ्यांच्या चटया असा क्रम असतो. चौकाखाली तळघरातलं पार्किंग असेल, आणि मोठ्या शहरांत ते बहुधा असतंच, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी पत्र घ्या. बर्फाचं वजन फारसं नाही, ६ सेंटिमीटरला दर चौरस मीटरमागे ५५ किलो. खरा भार बर्फ तासणाऱ्या यंत्राचा. पाणी भरलेलं मोठं यंत्र चार टनांच्या वर जातं आणि ते वजन चारच चाकांवर येतं.

वीज : ६०० चौरस मीटरला चिलर आणि पंप मिळून १२० ते १५० किलोवॅट, तीही थ्री-फेज. चौकातल्या दिव्यांच्या जोडणीतून ती मिळत नाही. जनरेटर आणणार असाल तर त्याचा आवाज आणि धूर कोणाच्या खिडकीखाली येईल ते आधी पाहून घ्या.

ग्लायकॉल कोणतं, हेही विचारा. एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे सांडलेलं कुत्री चाटतात. सार्वजनिक चौकात प्रॉपिलीन ग्लायकॉलचाच आग्रह धरा. प्रमाण ३५ ते ४० टक्के. कमी पडलं तर चिलरच्या आतच बर्फ धरून त्याच्या नळ्या फुटू शकतात. जास्त झालं तर मिश्रण दाट होऊन पंपाला जड जातं आणि थंडी नीट पोचत नाही. रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर मिश्रणाचा एक थेंब टाकून हे प्रमाण मिनिटभरात कळतं. ते तुमच्यासमोर तपासायला लावा.

पाणी टाकण्याआधी दोन चाचण्या झाल्याच पाहिजेत. एक, सगळ्या चटया जोडून रात्रभर दाबाखाली ठेवायच्या. सकाळी दाब उतरलेला असेल तर गळती आहे. दोन, थंड मिश्रण फिरवून कोरड्या चटयांवर दंव सगळीकडे सारखं धरतंय का ते पाहायचं. एखाद्या पट्ट्यावर दंव नसेल तर तिथे हवा अडकली आहे किंवा नळी मुडपली आहे. दंवाच्या वेळी दिसलेला दोष अर्ध्या तासात दुरुस्त होतो. बर्फ झाल्यावर तोच दोष ओल्या, लिबलिबीत पट्ट्याच्या रूपाने महिनाभर छळतो, आणि तिथे पोचायचं तर बर्फ फोडावा लागतो.

मग बर्फ. जमीन सारवताना एकाच वेळी जाड थर देत नाहीत, तसंच इथे. दोन-तीन मिलिमीटर पाणी फवारायचं, ते गोठू द्यायचं, मग पुढचा हात. एकदम पाइप सोडून हौद भरला तर वरचा पापुद्रा आधी गोठतो, खाली पाणी आणि हवा कोंडून राहते, आणि पहिल्याच दिवशी तो पापुद्रा पायाखाली फुटतो. सुमारे दोन सेंटिमीटर जाडी झाली की पांढरा रंग फवारतात आणि त्यावर उरलेले थर चढवतात. हा रंग केवळ शोभेचा नाही. तो नसेल तर पारदर्शक बर्फातून ऊन थेट काळ्या चटयांपर्यंत पोचतं आणि बर्फ खालून सुटू लागतो.

६०० चौरस मीटरवर ६ सेंटिमीटर बर्फासाठी ३३,००० लिटर पाणी लागतं. १० अंशांचं हे पाणी उणे ४ अंशांचा बर्फ होईपर्यंत सुमारे ३,५०० किलोवॅट-तास उष्णता काढावी लागते. कागदावर ३०० किलोवॅट क्षमतेचा चिलर ते १२ तासांत करेल. प्रत्यक्षात ऊन, वारा आणि थराथराचं काम धरून तीन-चार दिवस लागतात, आणि मध्ये पाऊस आला तर आठवडा. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून मांडणीला दोनच दिवस देणं ही नव्या शहरांची नेहमीची चूक आहे. पाहुणे येतात तेव्हा कडेला पाणी उभं असतं.

आणखी दोन गोष्टी समित्यांच्या यादीत बहुधा नसतात. पहिली, तासलेल्या बर्फाचा ढीग टाकायला जागा. यंत्र दर फेरीनंतर भरून येतं. तो बर्फ जिथे ओतणार तिथे गटाराचं तोंड हवं, नाहीतर रात्री सगळ्या पदपथावर पाणी पसरून तिथेच दुसरी रिंक तयार होते. दुसरी, गर्दीची मर्यादा. रॉकफेलर सेंटरची रिंक १२२ फूट बाय ५९ फूट आहे आणि तिच्यावर एका वेळी साधारण १५० जण सोडतात. म्हणजे माणशी साडेचार चौरस मीटर. त्याच मापाने ६०० चौरस मीटरवर १३० लोक झाले. नवशिके जास्त असतील तर शंभरावर थांबा. तिकीटविक्रीसाठी हा आकडा ताणू नका. गर्दीत सगळ्यांत आधी लहान मुलं आपटतात.

आणि जमलं तर प्रवेश मोफत ठेवा, फक्त भाड्याच्या स्केट्सचे पैसे घ्या. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये, शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये आणि टोरांटोच्या नेथन फिलिप्स चौकात असंच आहे. रिंक सगळ्या शहराची व्हावी यासाठी दुसरा कोणताही उपाय इतका उपयोगी नाही, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र गरम पाणी टाकतं असं ऐकलं. बर्फावर गरम पाणी कशासाठी? — वाचक, एडिसन

हे यंत्र कॅलिफोर्नियात पॅरामाउंट इथे रिंक चालवणाऱ्या फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये तयार केलं, म्हणून आजही लोक त्याला झांबोनीच म्हणतात. एका फेरीत ते चार कामं करतं : लांब पात्याने वरचा थर तासतं, तो कीस आत ओढून घेतं, खाचांतली घाण धुऊन काढतं आणि शेवटी ओल्या कापडाने पाण्याचा पातळ थर पसरतं. हॉकीच्या पूर्ण आकाराच्या रिंकला एका फेरीत ४०० ते ६०० लिटर पाणी लागतं.

पाणी ६० ते ७० अंशांचं असतं. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, त्यामुळे बर्फ दाट आणि स्वच्छ होतो. शिवाय ते जुन्या बर्फाचा वरचा भाग किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. थंड पाणी खाचांच्या वरच गोठून जातं आणि त्याचे पापुद्रे निघतात. पण उघड्या रिंकवर कडक दुपारी हा नियम मोडावा लागतो. चिलर आधीच पूर्ण ताकदीने चालू असताना गरम पाणी टाकणं म्हणजे त्याच्यावर आणखी ओझं. अशा वेळी जाणता चालक पाणी बंद ठेवून फक्त तासतो.

तुमच्या कामाची गोष्ट अशी की बहुतेक रिंकवर दोन सत्रांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं हे यंत्र फिरतं. वेळ आधी आरक्षित करायची असेल तर सत्राच्या सुरुवातीलाच बर्फावर असाल असं पाहा. पहिली वीस मिनिटं सर्वांत चांगली असतात. दुकानावर भाड्याच्या स्केट्ससाठी रांग असते, म्हणून सत्राच्या अर्धा तास आधी पोचा.

प्रश्न : आम्ही नुकतेच पुण्याहून आलोय. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. नाताळात त्यांना रिंकवर न्यायचं आहे. कपडे आणि स्केट्स कसे निवडायचे? — वाचक, मिसिसागा

कपड्यांपासून सुरुवात. आत घाम टिपणारा थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. मुलांना स्नो पँट घाला, कारण ती बर्फावर बसणार आहेत, वारंवार बसणार आहेत. जीन्स नको, ती भिजते, कडक होते आणि मांड्या गारठवते. हातमोजे प्रत्येकाला, तळहात भिजणार नाहीत असे, आणि एक जोडी जादा. हातमोजे थंडीसाठी जितके लागतात तितकेच पडलेल्या हातावरून दुसऱ्याचं पातं गेलं तर बोटं वाचावीत म्हणून. लांब मफलर, ओढणी, लोंबणाऱ्या दोऱ्या घरी ठेवा. गळ्याभोवती बंद बसणारा नेक वॉर्मर घ्या. मुलांना हेल्मेट हवंच, आणि त्याखाली पातळ कानटोपी.

पायमोजे एकच जोडी, पातळ, पण घोट्याच्या वरपर्यंत येणारे. आपल्याकडे थंडी म्हटली की दोन-दोन जाड मोजे चढवतात. स्केट्समध्ये त्याने पाय आवळतो, रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. वर घोटाही आत डुलत राहतो.

स्केट्स दोन प्रकारचे मिळतील. फिगर स्केट्सच्या पात्याला पुढे दाते असतात, हॉकी स्केट्सना नसतात आणि त्यांची पाती दोन्ही टोकांना गोलसर असतात. मुलांना सुरुवातीला कोणतेही चालतील. फक्त फिगर स्केट्स घेतले तर एक सांगून ठेवा : ढकलताना चवड्याने नाही, पात्याच्या कडेने ढकलायचं. दात्यांनी ढकललं की तोंडावर पडायला होतं. दोन-दोन पात्यांचे खेळण्यातले स्केट्स मिळतात, त्यांनी तोल शिकता येत नाही. पैसे घालवू नका.

मापाबद्दल कडक राहा. उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच अजिबात उचलली जाता कामा नये. बूट, कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची आपली सवय इथे घातक ठरते. मोठ्या बुटात घोटा आत कलतो, आणि मग पालक म्हणतात की मुलाचे घोटे कमकुवत आहेत. शंभरातल्या नव्वद मुलांचे घोटे ठीक असतात, बूटच मोठा किंवा सैल असतो.

लेस बांधताना बोटांपाशी सैल, पायाच्या वळणापासून घोट्यापर्यंत चांगली घट्ट, आणि वर नडगीपाशी एक बोट जाईल इतकी मोकळी. वरही करकचून बांधली तर गुडघा पुढे वाकत नाही. उरलेली लेस लोंबू न देता आत खोचा. दहा मिनिटं फिरल्यावर बूट सैल पडतो. बाहेर येऊन पुन्हा बांधा. मूल रडायला लागलं की ते बर्फाला घाबरलंय असं समजण्याआधी लेस तपासा.

भाड्याच्या स्केट्सची धार घेण्यापूर्वीच पाहा. पात्याच्या खाली मधोमध खोबण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन धारा. नखाची वरची बाजू धारेवरून आडवी हलकेच ओढली तर नखाचा बारीक कीस निघाला पाहिजे. नख नुसतं घसरलं तर दुसरी जोडी मागा. बोथट पात्यावर शिकणारा बाजूला घसरत राहतो आणि दोष स्वतःला देतो.

मुलांनी पुण्यात रोलर किंवा इनलाइन स्केटिंग केलं असेल तर तोल आणि ढकलणं लगेच जमेल. थांबणं मात्र नव्याने शिकावं लागेल. चाकांवरचा ब्रेक इथे नसतो, आणि अशी मुलं पहिल्या पाच मिनिटांत वेग घेऊन कठड्यावर आदळतात. त्यांना आधी थांबायला शिकवा.

प्रश्न : चाळिशीत पहिल्यांदा बर्फावर उतरणार आहे. कठडा सोडायचा कसा? — वाचक, शिकागो

बर्फावर जाण्याआधी रबराच्या चटईवर स्केट्स घालून दोन मिनिटं जागच्या जागी पाय उचला आणि गुडघे वाकवून पाहा. बर्फावर गेल्यावर पावलं इंग्रजी व्हीसारखी ठेवा, टाचा जवळ, चवडे बाहेर. गुडघे इतके वाकवा की खाली पाहिल्यावर ते बुटाच्या टोकांवर दिसतील. हात कमरेच्या उंचीवर, पुढे. नजर समोर, पायांकडे पाहिलं की डोकं पुढे जातं आणि मागोमाग शरीर.

आता चालायचं नाव काढू नका, बदकासारखी छोटी पावलं टाका. तीन-चार पावलांनी आपोआप घसरत जाल. तेव्हा दोन्ही पाय समांतर ठेवून थांबेपर्यंत घसरा. पुन्हा तीन-चार पावलं. एवढंच पंधरा मिनिटं करा. कठडा धरून फेऱ्या मारल्याने फारसं काही येत नाही, कारण कठडा धरला की भार हातावर आणि मागे जातो, तर स्केटिंगला तो पायाच्या मध्यावर हवा. कठड्यापासून हातभर अंतरावर, त्याला न शिवता फिरा.

थांबायला एक पाय किंचित पुढे घ्या, टाच बाहेर ढकला आणि पात्याच्या आतल्या बाजूने बर्फ खरवडा. कीस उडाला की बरोबर.

पडणं टळणार नाही, ते नीट शिका. तोल जातोय असं वाटताच हवेत हात फिरवू नका, गुडघे आणखी वाकवून खाली बसा आणि एका बाजूला, मांडीवर कला. मागे पडलात तर हनुवटी छातीला लावा, म्हणजे डोकं आपटणार नाही. हात मागे टेकवायचा मोह होतो, आणि त्यानेच मनगट मोडतं; मोठ्या माणसांत रिंकवर सर्वाधिक दिसणाऱ्या दुखापतींपैकी ही एक. मनगटाचे पॅड घालायला लाजू नका. माकडहाडाची भीती असेल तर हॉकीच्या पॅड लावलेल्या अर्ध्या चड्ड्या मिळतात, त्या पँटच्या आत दिसतही नाहीत.

उठताना लगेच गुडघ्यांवर या, मुठी मिटलेल्या ठेवा. एक पाय दोन हातांच्या मधे ठेवा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबा आणि सरळ वर या. पडल्या जागी बसून फोटो काढू नका. मागून येणारा थांबू शकेलच असं नाही.

प्रश्न : भारतातून आई आली आहे, वय ६२. तिलाही हौस आहे. न्यावं का? — वाचक, न्यूयॉर्क

हाडं ठिसूळ असतील, गुडघा बदललेला असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर बर्फावर नाही, असं आम्ही स्पष्ट सांगू. यातलं काही नसेल आणि रोजच्या चालण्याचा सराव असेल तर जमेल. सकाळचं पहिलं सत्र घ्या, हेल्मेट आणि मनगटाचे पॅड घाला, आणि आधाराची ढकलगाडी रिंकवर मिळते का ते विचारा. तुम्ही स्वतः नवशिके असाल तर आईचा हात धरू नका, दोघंही पडाल. साध्या बुटांनी बर्फावर येऊ देत नाहीत, पण काही रिंकवर व्हीलचेअर बर्फावर नेता येते. तसा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

प्रश्न : रिमझिम पावसात रिंक बंद केली, पण दुसऱ्या दिवशी बर्फ पडत असताना चालू होती. हे उलट नाही का? — वाचक, सिॲटल

नाही. पाऊस स्वतःची उष्णता बर्फात सोडतो, वर साचतो आणि रात्री ओबडधोबड गोठतो. पाण्याखालच्या खाचाही दिसत नाहीत. सोबत हवा दमट असेल तर तिच्यातली वाफ बर्फावर दंव होऊन बसते आणि धुकं धरतं. पडणारा भुसभुशीत बर्फ फावड्याने कडेला सारता येतो, फक्त तो ओल्या पृष्ठभागाला चिकटण्याआधी, दर वीस-तीस मिनिटांनी सारावा लागतो. वाळलेल्या पानांचं मात्र कोणी मनावर घेत नाही. गडद पान ऊन शोषून स्वतःच्या आकाराचं भोक पाडत खाली जातं, आणि पातं त्यात अडकतं. जवळ झाडं असतील तर सकाळी पहिलं काम झाडू.

प्रश्न : रिंकमध्ये बर्फ गोठवायला अमोनिया वायू वापरतात म्हणे. चौकात तो सुरक्षित आहे का? — वाचक, व्हँकूव्हर

ऑक्टोबर २०१७ मध्ये तुमच्याच प्रांतात फर्नी इथल्या बंदिस्त रिंकमध्ये जुन्या चिलरच्या गळक्या नळीतून अमोनिया बर्फाखाली फिरणाऱ्या मिठाच्या पाण्यात मिसळला आणि तिथे काम करणारे तिघे मृत्युमुखी पडले. भीती म्हणून निराधार नाही. चौकातल्या तात्पुरत्या रिंकसाठी भाड्याने येणाऱ्या चिलरमध्ये मात्र बहुतेक वेळा अमोनिया नसून एअर कंडिशनिंगच्या जातीचे वायू असतात, आणि बर्फाखाली फिरतं ते फक्त ग्लायकॉल. कायमच्या रिंकमध्ये अमोनिया असला तरी तो यंत्रघरात राहतो. तिथे वायू ओळखणारा सेन्सर, भोंगा आणि पंखा चालू आहे का, एवढं विचारायचा नागरिक म्हणून तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : पुण्यात डिसेंबरच्या रात्री चांगलीच थंडी असते. मग एखाद्या मैदानावर अशी रिंक का होऊ नये? — वाचक, कोथरूड

रात्री अवघड नाही, दुपार जड जाते. डिसेंबरात पुण्यात दुपारी २९ अंशांच्या आसपास तापमान आणि कडक ऊन. टेक्सासच्या उत्तरातला हिशेब इथे लावला तर वाऱ्यातून साडेतीनशे वॅट, उन्हातून ३००, आणि हवेतली वाफ बर्फावर गोठताना आणखी शंभरेक. चौरस मीटरला सातशेच्या वर जाणारी ही उष्णता ६ सेंटिमीटरच्या बर्फातून ओढून काढता येत नाही. बर्फ तासाला साडेतीन-चार मिलिमीटर वितळेल, पाच-सहा तासांत दोन सेंटिमीटर. ६०० चौरस मीटरला १२० टनांहून मोठा चिलर आणि तेवढी वीज लावूनही दुपारी लोक पाण्यात उभे असतील. मुंबईत दमटपणामुळे हे आणखी कठीण. करायचंच तर वर पांढरं छत, तिन्ही बाजूंनी वाऱ्याला आडोसा, दुपारी बर्फावर उष्णतारोधक चादरी आणि फक्त रात्रीची सत्रं. एवढं केल्यावर ती जवळजवळ बंदिस्त रिंकच होते, म्हणून सरळ बंदिस्त बांधणं शहाणपणाचं.

आपल्या देशात उघड्यावरच्या बर्फाची खरी जागा सिमला. तिथे १९२०पासून रिंक आहे, ती रात्री पाणी शिंपडून नैसर्गिक थंडीने गोठवतात आणि सकाळ-संध्याकाळ स्केटिंग चालतं. आकाश निरभ्र असेल तरच बर्फ चांगला जमतो, ढगाळ रात्री जमत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी चौकशी करून मग पहाटे निघा.

मॉलमधून आइस स्केटिंगच्या नावाखाली जे दिसतं ते पुष्कळदा प्लॅस्टिकचे पांढरे फलक असतात. त्यावर पातं खऱ्या बर्फाइतकं घसरत नाही, जोर जास्त लागतो आणि धार लवकर जाते. तोल शिकायला ते वाईट नाही. मात्र तिकीट काढण्याआधी पृष्ठभागाला हात लावून पाहा. गार लागला नाही तर प्लॅस्टिक.

प्रश्न : स्वतःचे स्केट्स घेतले. धार किती दिवसांनी लावायची, आणि पाती गंजू नयेत म्हणून काय करावं? — वाचक, ब्रॅम्प्टन

नव्या स्केट्सना पुष्कळदा धार लावलेलीच नसते. पहिल्यांदा बर्फावर जाण्याआधी ती लावून घ्या. खोबणीची त्रिज्या विचारतील तेव्हा अर्धा इंच सांगा, हौशी माणसाला ती पुरते. त्यानंतर साधारण पंधरा-वीस तास स्केटिंग झालं की पुन्हा. उघड्या रिंकवर वाळू आणि माती येत असल्याने थोडं आधीच लागेल. रबराची चटई सोडून सिमेंटवर चार पावलं टाकलीत तर त्याच दिवशी धार गेली असं समजा.

घरी निघताना पाती कोरड्या फडक्याने पुसा, खिळ्यांपाशी आणि बुटाला जिथे पातं जोडलंय तिथे विशेष. प्लॅस्टिकची कडक आवरणं फक्त चालताना वापरायची. ती चढवून स्केट्स रात्रभर ठेवले की आत पाणी राहतं आणि सकाळी गंजाचे ठिपके दिसतात. घरी टॉवेलच्या कापडाची आवरणं घाला, बुटाची जीभ बाहेर ओढून आतला तळवा काढा आणि स्केट्स खोलीतल्या हवेत सुकू द्या. हीटरजवळ ठेवू नका, बुटाचा गोंद सुटतो.